बाईकवर जादाचे दिवे, चार्जर, हॉर्न: वायरिंग नीट केलं, तरी बॅटरी अधूनमधून मरते. वीज पितंय कोण?

खडखड्या (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. प्रश्न दोन आहेत, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

गाडीला तीन गोष्टी लावल्या आहेत: प्रत्येकी २० वॅटची एलईडी फॉग लाइटची जोडी, हँडलवर मोबाइलचा चार्जर आणि एक चिमुकला व्होल्टमीटर. पहिल्यांदा हे काम बाहेरून करून घेतलं. त्या भल्या माणसाने हेडलाइटची वायर मध्येच सोलली, तिच्यावर फॉग लाइटची वायर पिळली, वर काळी टेप गुंडाळली आणि "झालं" म्हणाला. पंधरा दिवसांत डाव्या मुठीजवळचा हेडलाइटचा स्विच बोटाला गरम लागायला लागला. उघडला तर आतलं प्लास्टिक मऊ होऊन एका अंगाला कललेलं आणि पितळी पत्तीवर काळा डाग.

मग सगळं उपसून काढलं आणि वाचून-विचारून स्वतः केलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघाल्यावर वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या, म्हणजे वीज आत घेणाऱ्या, पायाला. ८७ वरून, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या पायावरून, छोट्या फ्यूजपेटीत आणि पेटीतून तीन शाखा. फॉग लाइटला हँडलवर वेगळा स्विच आहे. रिले जागा करायला टेललाइटच्या वायरवरून टॅप (जोडवायर) घेतला, कारण किल्ली फिरवली की ती चालू, बंद केली की बंद.

काम छान झालं. स्विच आता थंडगार. पण तीन आठवड्यांत तीनदा सकाळी बॅटरी पार झोपलेली सापडली. रोज नाही, तीनदाच. बॅटरी ९ अँपिअर-अवरची, दीड वर्ष जुनी. चार्ज केली की ठणठणीत. तर पहिला प्रश्न: रात्री वीज पितंय कोण? दुसरा: आता जोडहॉर्न लावायचा आहे, त्याचं मूळ बटण तसंच ठेवून कसा लावू?

जुनाट इंजिन

आधी पाठ थोपटतो. फ्यूज बॅटरीजवळ लावलास हे शंभरातले पंचवीस जणच करतात. बाकीचे दिव्यापाशी लावतात, कारण "फ्यूज दिव्याला वाचवतो". अरे, तो वायरला वाचवतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर टाकीखाली कुठे फ्रेमला घासून उघडी पडली, तर तिला अडवणारं कुणीच नाही. टाकीखाली पेटलेली वायर मी एकदा पाहिली आहे. पुन्हा पाहायची नाही.

आता बॅटरीबद्दल. माझा संशय चार्जरवर. तसले चार्जर मोबाइल लावलेला नसतानाही थोडी थोडी वीज खात बसतात. तो निळा दिवा रात्री जळत असतो का?

खडखड्या

काका, चार्जर रिलेच्या पलीकडे आहे. किल्ली बंद की निळा दिवा विझतो. व्होल्टमीटरचंही तसंच.

ओहमकार

रिले लावल्याने स्विच का वाचला याचं गणित आधी मांडतो, पुढे कामाला येईल.

हेडलाइट ५५ वॅटचा हॅलोजन असेल, त्यात ४० वॅटची भर. एकूण ९५ वॅट. गाडी चालू असताना १३.५ व्होल्ट धरले तर ७ अँपिअर. स्विचमधल्या पत्त्या जुन्या झाल्या की त्यांच्या स्पर्शाचा रोध वाढतो. समजा फक्त ०.१ ओहम. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध: ४९ गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ ५ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते ५ वॅट वाटाण्याएवढ्या जागेत कोंडलेले असतात. तुमचं प्लास्टिक त्यानेच वितळलं. रिलेच्या कॉइलला (८५ आणि ८६ या पायांमधलं, रिले जागा करणारं तारेचं वेटोळं) साधारण ०.१५ अँपिअर पुरतो. स्विचने हुकूम द्यायचा, ओझं रिलेने उचलायचं.

आता गळती. मल्टिमीटर घ्या, लाल वायर १० अँपिअरच्या खोबणीत घाला. किल्ली बंद ठेवून बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि मीटर त्या वायर आणि बॅटरीच्या मध्ये लावा. आकडा फार लहान आला तरच मिलिअँपिअरच्या खोबणीत जा. मीटर असा मध्ये असताना किल्ली फिरवू नका आणि स्टार्टरला तर हातही लावू नका.

हिशेब सोपा आहे. ५० मिलिअँपिअरची गळती ९ अँपिअर-अवरची बॅटरी १८० तासांत, म्हणजे साडेसात दिवसांत कोरडी करते. एका रात्रीत मारायची तर अर्ध्या अँपिअरच्या वर काहीतरी हवं.

खडखड्या

मोजलं. आधी कबुली: "किल्ली फिरवू नका" हे वाचूनसुद्धा सवयीने फिरवली. मीटरचा फ्यूज शहीद. (मीटरलाही आत फ्यूज असतो हे त्या निमित्ताने कळलं.) नवा घालून पुन्हा मोजलं: २ मिलिअँपिअर. फक्त दोन. गाडीचं मूळ घड्याळच तेवढं खात असेल.

म्हणजे गळती नाही. तरी बॅटरी मरते. आता काय?

निवांत गियर

रिले पाच पायांचा आहे का? असेल तर फॉग लाइटची वायर चुकून ८७ऐवजी ८७अ ला गेलीय का बघा. ८७अ हा उलट्या स्वभावाचा पाय: रिले झोपला की हा जागा. किल्ली बंद केली की दिवे लागतात. माझ्या मित्राने असंच केलं होतं आणि "गाडीत भूत आहे" म्हणत दोन दिवस फिरत होता.

खडखड्या

चारच पाय आहेत: ३०, ८५, ८६, ८७. आणि तसं असतं तर मीटरवर २ मिलिअँपिअर आले नसते.

पावसाळी भटकी

मला ओलाव्याचा वास येतोय. अधूनमधून होणारं दुखणं हे बहुतेक वेळा सांध्याचं दुखणं असतं. टेललाइटवरचा टॅप कसा घेतलात? ती वायरला चिमटा मारणारी प्लास्टिकची क्लिप असेल तर आजच काढा. आतली पत्ती वायरचं आवरण कापून तांब्यात घुसते, दोन-चार धागे तोडते, आणि त्याच चिरेतून पाणी आत शिरतं. पहिला पावसाळा निभावतो, दुसऱ्याला तांबं हिरवं पडतं.

आणि वायर खालून वर आणून सांध्यात घाला, वरून खाली नको. वरून आली तर पाणी वायरीवरून ओघळत थेट कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) जातं. खाली एक झोळ सोडला की थेंब तिथून गळून पडतो.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुठी गरम करणारे ग्रिप मी स्वतः बसवले होते. उजव्या मुठीची वायर सुबक दिसावी म्हणून ताणून बांधली. घाटात वळणाच्या तोंडावर गॅस सोडला, तर मूठ मागे येईना. फिरवताना वायर मूठ आणि स्विचच्या डब्याच्या फटीत अडकली होती. क्लच दाबला, इंजिन किंचाळलं, किल-स्विच मारला. हातपाय नंतर पाच मिनिटं थरथरत होते. उजव्या मुठीची वायर पूर्ण गॅस ते शून्य गॅस अशी दहा वेळा फिरवून बघा, हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. टाय त्यानंतर.

जुनाट इंजिन

ताई, तुमच्या अवांतराला दंडवत. तो भाग खरं तर धाग्याच्या डोक्यावर लावायला हवा.

क्लिपबद्दलही सहमत. सांधा सोल्डरच करावा, वर स्लीव्ह चढवावी. चाळीस वर्षांत माझा सोल्डर सुटलेला नाही.

पावसाळी भटकी

इथे मात्र असहमत, काका. सोल्डर सुटत नाही, तो शेजारी तुटतो. वितळलेलं सोल्डर तारेच्या धाग्यांमध्ये वर शोषलं जातं आणि जिथे थांबतं तिथे कडक आणि मऊ अशी हद्द तयार होते. कंपनाने वायर नेमकी त्या हद्दीवर वाकत राहते. चांगल्या पकडीने केलेलं क्रिम्प (धातूची नळी वायरवर दाबून केलेला सांधा) आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह, हे बाईकसाठी जास्त भरवशाचं. साध्या पक्कडीने चेपटवलेलं मात्र क्रिम्प नव्हे.

जुनाट इंजिन

मी सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर हार्नेसला (गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला) बांधून टाकतो, मग ती वाकेल कशी? पण तुमचं म्हणणं पटतं: ज्याला बांधायचा आळस आहे त्याने क्रिम्प करावं. आमच्या वेळी ती पकड मिळायची नाही, म्हणून हात सोल्डरवर बसला.

डबलसीट

मध्येच घुसतोय, माफ करा. माझे एलईडी फॉग लाइट गाडी जागेवर उभी असताना थरथरतात, गॅस दिला की स्थिर होतात. बॅटरी नवी आहे. वायर हेडलाइटवरून घेतली आहे.

ओहमकार

गाडी जुन्या बांधणीची आहे का? बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट स्टेटरच्या (इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवर असतो. तिथे एसी आहे, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट. हॅलोजनची तार तापलेली असते, तिला दिशा बदलल्याचं कळतही नाही. एलईडी मात्र प्रत्येक हेलकाव्याला लागतो-विझतो. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून हेडलाइट लावून बघा. लागला नाही तर बहुधा हेच कारण. फॉग लाइट बॅटरीवरून रिलेने घ्या, थरथर जाईल.

बॅटरीवरून घेऊनही दिवा मिणमिणत असेल तर निगेटिव्ह बाजू तपासा. लोक पॉझिटिव्हला जाड वायर लावतात आणि निगेटिव्ह जवळच्या नटाखाली चिमटतात. त्या नटाखाली रंग असतो, रंगाखाली गंज. हँडलवर निगेटिव्ह जोडलीत तर करंट स्टेअरिंगच्या बेअरिंगमधून, ग्रीस ओलांडून वाट काढतो. दिवा चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक दिव्याच्या निगेटिव्हला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर परतीचा रस्ता खराब आहे. वेगळी वायर ओढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या.

डबलसीट

इंजिन बंद, किल्ली चालू, हेडलाइट ढिम्म. म्हणजे एसीच. धन्यवाद! वाचनखूण साठवली.

तारायंत्र

खडखड्या, मूळ प्रश्नाकडे येऊ. ओहमकार म्हणाले की एका रात्रीत मारायला अर्धा अँपिअर हवा, आणि तुमच्या मीटरवर २ मिलिअँपिअर आले. दोन्ही खरं असेल तर त्या तीन रात्री गाडी आणि तुम्ही मोजलं तेव्हाची गाडी, यांत काहीतरी फरक होता. त्या नेमक्या कोणत्या तीन रात्री?

खडखड्या

आठवून सांगतो. एकदा नातेवाइकांकडे मुक्काम होता, गाडी रस्त्यावर. एकदा ऑफिसच्या कामाने लॉजवर. एकदा आमच्या गेटच्या आत रंगकाम चालू होतं म्हणून बाहेर लावली होती. तिन्ही वेळा घराबाहेर! थंडी? दव? ताईंचा ओलाव्याचा मुद्दा खरा दिसतोय.

तारायंत्र

तिन्ही रात्री गाडीवर कव्हर होतं?

खडखड्या

हो. बाहेर असली की घालतोच, चाकापर्यंत. पण त्याने बॅटरी कशी मरेल?

तारायंत्र

कव्हरने नाही मरत. बाहेर लावताना तुम्ही हँडल लॉक करत असणार, आवारात करत नसणार. खाली जा, हँडल डावीकडे वळवा, लॉक करा. मग किल्ली तिथून अजून एक घर पुढे जाते का बघा. जात असेल तर नेऊन काढा, आणि कान रिलेकडे ठेवा.

खडखड्या

आत्ता खालून आलो. हसू की रडू.

लॉकच्या पुढे एक घर आहे, बाजूला फिकट झालेला इंग्रजी 'पी' कोरलेला. किल्ली तिथपर्यंत गेली, सहज निघाली, आणि सीटखालून आवाज आला: टक्. टेललाइट लागला, चार्जरचा निळा दिवा लागला, व्होल्टमीटरवर १२.६ उमटलं. किल्ली माझ्या हातात!

तीन वर्षं गाडी वापरतोय. ते पार्किंगचं घर आहे हे माहीत नव्हतं. घाईत लॉक करताना जोर दिला की किल्ली तिथपर्यंत जाते. वरून कव्हर ओढलं की आत दिवाळी चालू आहे हे कुणाला दिसणार? मीटर लावून मोजलं: ०.६ अँपिअर.

ओहमकार

वा तारायंत्र, मानलं. आम्ही पायांचे नंबर मोजत बसलो.

आता ०.६ ची फोड: टेललाइटचा ५ वॅटचा बल्ब ०.४, रिलेची कॉइल ०.१५, चार्जर आणि व्होल्टमीटर मिळून उरलेलं. दहा तासांत ६ अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीचा दोन तृतीयांश. उरलेल्यात स्टार्टर फिरत नाही. नुसता टेललाइट असता तर ४ गेले असते आणि गाडी कुरकुरत का होईना, सुरू झाली असती. खडखड्या, हे सगळं लावण्याआधी कधी सकाळी स्टार्टर कण्हायचा का?

खडखड्या

कण्हायचा! प्रवासात असताना. मी थंडीला दोष द्यायचो.

तारायंत्र

ज्या वायरवरून हुकूम घ्यायचा ती निवडताना फक्त "किल्ली चालू, किल्ली बंद" एवढं बघून चालत नाही. किल्लीच्या प्रत्येक घरात ती वायर काय करते ते मीटरने बघा: बंद, चालू, लॉक, पी. मग स्टार्टर दाबूनही बघा. बऱ्याच गाड्यांत स्टार्टर दाबला की हेडलाइट क्षणभर विझतो. असली डीसी वायर मिळाली तर सोनं, कारण बॅटरी १० व्होल्टपर्यंत वाकते त्या क्षणी तुमचे दिवेही आपोआप बाजूला होतात. ती नसेल तर ब्रेकलाइटच्या स्विचला येणारी पॉझिटिव्ह वायर पाहा, 'पी'मध्ये ती बहुतेक गाड्यांत मेलेली असते. तरी मोजूनच घ्या. वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, रंग कंपनीगणिक बदलतात.

ज्यांच्या गाडीत कॅन-बस (कंट्रोल युनिटना एकमेकांशी जोडणारं जाळं) आहे त्यांनी कुठलीही वायर सोलण्याआधी गाडीचं पुस्तक उघडावं. तिथला कंट्रोल युनिट अनोळखी लोड दिसला की ती शाखाच बंद करू शकतो. अशा गाडीला बहुधा जादा साहित्यासाठी वेगळा कपलर दिलेला असतो, तो वापरावा.

आणखी एक: काही रिलेंच्या आत कॉइलला समांतर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. हुकूम बंद होताना कॉइल जो व्होल्टेजचा झटका मागे फेकते तो डायोड गिळतो. अशा रिलेत ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच हवं. उलट जोडलंत तर डायोड थेट शॉर्ट होतो. रिलेच्या पाठीवरची आकृती बघा, त्रिकोण-रेघ दिसली की सावध.

निवांत गियर

हॉर्नचं राहिलं. दोन हॉर्न मिळून किती अँपिअर ओढतात ते त्यांच्या अंगावर लिहिलेलं असेल. ८-१० च्या आसपास असेल तर मूळ बटणावर टाकू नका. युक्ती सोपी आहे: मूळ हॉर्नच्या दोन वायरी काढा आणि त्या नव्या रिलेच्या ८५-८६ ला लावा. बटण पॉझिटिव्ह बाजूला आहे की निगेटिव्ह, याची फिकीर नाही. आत डायोड नसलेला रिले असेल तर उलटसुलटही चालतं. ३० ला बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज, ८७ हॉर्नला, हॉर्नची निगेटिव्ह परत बॅटरीला. मूळ हार्नेस न कापता काम होतं, गाडी विकताना पाच मिनिटांत पूर्ववत.

जुनाट इंजिन

हॉर्न त्या फ्यूजपेटीत मात्र घालू नकोस. दिव्यांचे ३, चार्जरचा एक-दीड, त्यात हॉर्नचे १० घातलेस की तुझा १५ चा मुख्य फ्यूज काठावर येतो. एखाद्या दिवशी हॉर्न वाजवलास की दिवे जातील, तेही रात्री. वेगळाच काढ. आणि फ्यूज उडाला म्हणून २० चा घालायचा नाही, तांब्याची तार तर नाहीच नाही. दोन जादाचे फ्यूज सीटखाली ठेव: लाल १० चा, निळा १५ चा.

काम करताना निगेटिव्ह आधी सोडव आणि शेवटी जोड. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलास आणि पाना फ्रेमला टेकला, तर पान्यालाच वेल्डिंग होईल.

खडखड्या

आज सकाळी बसलो. टॅप ब्रेकलाइटच्या स्विचकडे नेला. सगळ्या घरांत मोजला: चालूला १२.५, बाकी तिन्हीकडे शून्य. ताईंच्या सांगण्यावरून क्लिप काढून टाकली. तिच्याखाली तीन धागे खरंच तुटलेले होते आणि एक हिरवा पडायला लागला होता. सोल्डर-क्रिम्प वादात मी क्रिम्प केलं आणि काकांच्या मानासाठी दोन्ही बाजूंना बांधलंही. हॉर्नही बसला, मूळ बटणावर. आवाज असा की शेजारच्या गॅलरीतली मांजर दोन मजले वर गेली.

आणि मघाशी मुद्दाम किल्ली 'पी'वर नेऊन काढली. टेललाइट लागला. रिले गप्प. निळा दिवा नाही, आकडे नाहीत. पाच मिनिटं कान लावून बसलो होतो.

जुनाट इंजिन

शाब्बास. मग टेललाइट बंद केलास ना?

खडखड्या

काका, खाली जाऊन येतो.